पाहुणी सिस्टिम

मृदुला वर्षातून एकदा मिरजेला यायची, नोव्हेंबरातल्या दुसऱ्या मंगळवारी. राहुरीहून निघालेली गाडी तिला सकाळी मिरजेत आणून सोडायची. स्टेशनवरच चहा घेऊन, रिक्षा करून साडेनऊच्या सुमाराला ती अभय मगदूमच्या दारात उभी राहायची आणि दुपारच्या गाडीने परत जायची. बारा वर्षांत यात कधी खंड पडला नव्हता. जेवायला मात्र ती एकदाही थांबली नाही, आणि त्यानेही कधी आग्रह केला नाही. घटस्फोट झालेल्या बायकोला जेवायला थांब म्हणताना सूर कोणता लावायचा, हे त्याला ठरवता आलं नव्हतं.

२०४३ सालच्या नोव्हेंबरातही ती अशीच आली. पिशवी कोपऱ्यात ठेवून खिडकीजवळच्या खुर्चीत बसली, कानामागचं सुपारीएवढं यंत्र काढून तिने त्याच्या तळहातावर ठेवलं. ते काढलं की तिच्यापुरतं जग बंद व्हायचं. रस्त्यावरचे हॉर्न नाहीत, डोक्यावरचा पंखा नाही, अभय नाही. यंत्र कॉम्प्युटरला जोडून अभयने त्याची चकती तेवढी तिच्या कानामागे परत चिकटवली; तिच्यातून आता फक्त कॉम्प्युटरचे आवाज आत जाणार होते. तिने डोळे मिटून घेतले आणि हातातली पेन्सिल टेबलावर टेकवली. तो स्क्रीनवर एकेक बटण दाबत गेला. आवाज जाणवला की ती पेन्सिल एकदा आपटायची, सोसवेनासा होऊ लागला की दोनदा. हे काम पाऊण तासात होण्यासारखं होतं. अभय त्याला दोन तास लावायचा. तिचे डोळे मिटलेले असायचे आणि कान बंद, त्यामुळे तिच्याकडे मनसोक्त बघत बसायला वर्षातले एवढेच दोन तास त्याला मिळायचे.

तिच्या कानातलं इम्प्लांट बावीस वर्षांपूर्वीचं. चौतिसाव्या वर्षी मेंदूज्वर झाला, त्यात ऐकणं गेलं. पुढच्या वर्षी अभयनेच धावपळ करून ते बसवून घेतलं. तो तेव्हा मिरजेतल्या एका रुग्णालयात श्रवणविभागाचा तंत्रज्ञ होता. एका परदेशी कंपनीने बनवलेली ती वस्तू तशी साधीच. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी एक पोकळी असते, तिच्यात केसासारखी बारीक तार सरकवायची. तारेवर बावीस इलेक्ट्रोड. कानामागचं यंत्र बाहेरचा आवाज पकडतं, त्याचे जाड-बारीक असे बावीस तुकडे करतं आणि प्रत्येक तुकडा विजेच्या रूपात आपापल्या इलेक्ट्रोडला पोचवतं. तिथून मज्जातंतू, तिथून मेंदू. पण प्रत्येक इलेक्ट्रोडसाठी दोन आकडे ठरवून द्यावे लागतात: किती विजेला आवाज जेमतेम कळतो आणि कितीच्या वर तो सहन होत नाही. या चव्वेचाळीस आकड्यांना मॅप म्हणतात. माणसागणिक मॅप वेगळा, आणि एकाच माणसाचाही तो कायम राहत नाही. शरीर बदलतं, तारेभोवती पेशींचा थर चढतो, आकडे सरकतात. वर्षाकाठी ते नव्याने लावले नाहीत तर आधी शब्द फाटायला लागतात, मग टोचायला लागतात, आणि एक दिवस माणूस कंटाळून यंत्र डब्यात ठेवून देतो.

कंपनी २०३१ साली बंद पडली. ज्यांना जमलं त्यांनी पुन्हा ऑपरेशन करून दुसऱ्या कंपनीची इम्प्लांट्स बसवून घेतली. ज्यांच्या कानाला दुसरं ऑपरेशन झेपणार नव्हतं, ते राहिले. मॅप लावायचा प्रोग्रॅम कंपनीमागे शिल्लक होता, पण तो एकाच जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालायचा, आणि ती सिस्टिम नव्या कॉम्प्युटरवर चढतच नव्हती. शिवाय नवे कॉम्प्युटर कोणताही प्रोग्रॅम उघडण्याआधी तो कोणी बनवला याची नेटवरून खात्री करून घेत. बनवणारा उरलेला नसेल तर प्रोग्रॅम उघडायचा नाही, असा त्यांचा नियम.

अभयने यातून वाट काढली ती जुन्या कॉम्प्युटरच्या मदतीने. हा नियम येण्याआधीचा, पंचवीस वर्षांपूर्वीचा एक कॉम्प्युटर त्याने भंगारातून उचलला. त्यावर फुकट मिळणारी एक साधी सिस्टिम घातली आणि तिच्या पोटात ती जुनी सिस्टिम वसवली. बाहेरची यजमान, आतली पाहुणी. पाहुणीला वाटतं आपण एका स्वतंत्र मशीनवर एकटेच आहोत. ती डिस्क मागते, यजमान स्वतःच्या डिस्कवरची एक फाइल तिच्यापुढे सरकवतो आणि ती तिलाच डिस्क समजते. ती तारीख विचारते, यजमान सांगेल ती तारीख ती खरी धरते. अभयचा यजमान तिला नेहमी एकच तारीख सांगायचा, चार मार्च २०३१, कारण त्या महिनाअखेरीला प्रोग्रॅमचा परवाना संपला होता. काम झालं की तो पाहुणीला पुन्हा त्याच सकाळी नेऊन ठेवायचा. कोण आलं, कोण गेलं, कोणाच्या कानात काय बदललं, यातलं काही तिला आठवायचं नाही. नवे मॅप अभय बाहेर, यजमानाकडे जपून ठेवायचा.

महाराष्ट्रात ही इम्प्लांट्स असलेली एक्केचाळीस माणसं उरली होती. सगळी त्याच्याकडे यायची. साधारण नऊ दिवसांनी एक माणूस. रुग्णालयातून निवृत्त होऊन त्याला दोन वर्षं झाली होती, आई जाऊन सात. घरात दुसरं कोणी नव्हतं. कोणी येणार असलं की तो आदल्या दिवशी खुर्ची पुसायचा, बिस्किटं आणायचा, आणि शेव्हिंग करताना त्या माणसाच्या घरची कोणकोणती चौकशी करायची हे मनात जुळवून ठेवायचा.

मृदुलाचे आकडे लावून झाले. यंत्र कानामागे चढवून तिने मान जराशी हलवली, पंख्याकडे बघितलं, मग बाहेरच्या रिक्षाकडे. तिला बरं वाटतंय हे त्याला कळलं.

ती म्हणाली, पुण्याचे डॉक्टर जुनं काढून नवं बसवू म्हणताहेत, पण उरलासुरला मज्जातंतू टिकेल याची निम्मीच खात्री देतात. मग तिने टेबलावरच्या काळ्या पेटीकडे बोट दाखवलं. कॉम्प्युटर आणि कानाचं यंत्र यांना जोडणारी कंपनीची ती पेटी. अशा तीन त्याच्याकडे होत्या, दोन जळाल्या होत्या.

"ही गेली तर?"

"बघू काहीतरी," अभय म्हणाला.

"नक्की बघशील? म्हणजे मला पुण्याला नाही म्हणून सांगता येईल."

"सांग नाही म्हणून."

तिने मान डोलावली, पिशवी उचलली आणि गेली. अभय दारात उभा राहून रिक्षा कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत राहिला. मग आत येऊन त्याने टेबलाचा खालचा खण उघडला आणि बंद केला.

खणात नखाएवढं एक मेमरी कार्ड होतं. दोन वर्षं खपून त्याने ते तयार केलं होतं. यजमान, पाहुणी, प्रोग्रॅम, सगळं त्याच्यावर मावत होतं, आणि मुख्य म्हणजे यजमान आता त्या काळ्या पेटीचंही सोंग घ्यायचा. पाहुणी पेटीला जे विचारेल त्याचं उत्तर पेटी देईल तसंच, तेवढ्याच सूक्ष्म वेळात द्यायला त्याने त्याला शिकवलं होतं. सगळ्यात अवघड तेच होतं. आता पेटी नको, अभयचं मशीन नको, मिरज नको. घरात कुठेतरी पडलेला एखादा जुना लॅपटॉप, चार्जिंगची साधी तार आणि हे कार्ड असलं की शेजारी बसलेल्या माणसाच्या मदतीने कोणीही आपला मॅप आपण लावू शकत होतं. सुट्या यंत्रावर त्याने शंभर वेळा तपासून पाहिलं होतं. आकडे शेवटच्या घरापर्यंत जुळत होते.

ते जानेवारीत पुरं झालं होतं. आता नोव्हेंबर होता.

अजून चाचणी हवी, असं तो स्वतःला सांगायचा. एप्रिलपर्यंत त्याला ते पटतही होतं. पुढे तो त्या गोष्टीचा विचार करायचाच टाळायला लागला. ऑगस्टमध्ये अहेरीहून चंद्रकला मडावीचा मेसेज आला होता. बाळंतपण झालं, आवाज टोचतात, पोर लहान आहे, एवढा प्रवास होणार नाही, तिथे न येता काही करता येईल का सर? अभयने तो दोन दिवस ठेवून घेतला आणि मग उत्तर पाठवलं: जमेल तेव्हा या, मी आहेच.

*

चंद्रकला आली ती फेब्रुवारीत. अहेरीहून बसने बल्लारशाह, तिथून रेल्वेने पुणे, पुढे मिरज. बरोबर नवरा दौलत आणि अकरा महिन्यांची मुलगी, तनू. चंद्रकला तेवीस वर्षांची होती. तिसऱ्या वर्षी इम्प्लांट बसलं, त्याच्याच आधाराने ती बोलायला शिकली, शाळा शिकली, आणि आता गावातल्या अंगणवाडीत मदतनीस होती. अभय तिला शाळकरी वयापासून ओळखायचा. दरवर्षी ती खुर्चीत बसायच्या आधीच बोलायला सुरुवात करायची. या वेळी तिचं यंत्र कानामागे नव्हतं, फडक्यात गुंडाळून पिशवीत होतं. दौलतने सांगितलं, चार महिने झाले, ती लावतच नाही. लावलं की पोर रडल्यावर डोक्यात सुई खुपसल्यासारखं होतं म्हणते.

बाळंतपणात आकडे सरकतात हे अभयला ठाऊक होतं. किती सरकले असतील याची मात्र त्याला कल्पना नव्हती. पहिल्याच इलेक्ट्रोडला ती दचकली आणि पेन्सिल हातातून पडली. वरचे सगळे आकडे खाली आणावे लागले, खालचे काही वर. या कामाला खरोखरच दोन तास लागले. तनू एवढा वेळ दौलतच्या मांडीवर बिस्किट चोखत होती.

चंद्रकलाने यंत्र कानामागे चढवलं. दौलतने पोरीला जमिनीवर सोडलं. ती रांगत आईकडे आली, तिच्या गुडघ्याला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "माय."

चंद्रकलाने तिला उचललं नाही. ती तिच्याकडे बघत राहिली. तनूने पुन्हा हाक मारली, या वेळी जरा चिडून. मग चंद्रकलाने तिला छातीशी घेतलं आणि अभयकडे बघून सावकाश बोलली. तिच्या बोलण्यात चढ-उतार कमी असायचे, त्यामुळे ती काहीही सांगत असली तरी बातमी वाचल्यासारखंच वाटायचं.

"पोरगी माय म्हणाले लागली ते सासूनं सांगितलं मले. संक्रांतीच्या आधी. मी म्हटलं, असंल."

अभय उठला आणि पाणी आणायला आत गेला. स्वयंपाकघरात ओट्याला धरून तो उभा राहिला. बाहेर दौलत पोरीशी काहीतरी बोलत होता आणि चंद्रकला मध्येच हसत होती. आपण बाहेर जावं, पाणी द्यावं, पुढच्या वर्षी या म्हणावं आणि त्यांना रिक्षात बसवून द्यावं, एवढंच करायचं होतं. तेवढं केलं असतं तरी कोणाला काही कळलं नसतं.

बाहेर येऊन त्याने खालचा खण उघडला.

त्यांच्या गाडीला चार तास होते. कपाटातला एक जुना लॅपटॉप काढून त्याने टेबलावर ठेवला, कार्ड घातलं आणि दौलतला शेजारी बसवलं. सुरू कसं करायचं, तारीख बदलायची नाही, आकडा एका वेळी एकच पायरी वाढवायचा, चुकलं तर मागे कसं जायचं. दौलत जीप चालवायचा, यंत्राचा त्याला बाऊ नव्हता. अर्ध्या तासात त्याचा हात बसला. चंद्रकलाने पेन्सिल घेतली आणि दौलतने एका इलेक्ट्रोडचे आकडे लावून दाखवले. अभयने ते स्वतःच्या आकड्यांशी ताडून पाहिले. बरोबर होते. गावच्या आश्रमशाळेत असे दहा-बारा लॅपटॉप धूळ खात पडलेत, दौलत म्हणाला.

चंद्रकला स्क्रीनकडे बघत होती.

"हे कधी बनवलं सर?"

"गेल्या जानेवारीत."

"आताच्या?"

"नाही. त्याच्या आधीच्या."

तिने हिशेब केला. तो करताना तिचे ओठ हलले.

"मी ऑगस्टात लिहिलं तवा होतं."

"होतं."

दौलतने मान वर केली. अभयला वाटलं तो काहीतरी बोलेल, तो बोलला असता तर बरंही झालं असतं. पण चंद्रकलाच बोलली.

"मले वाटलं मशीन नाही म्हणते. तुमी म्हणत होते."

लॅपटॉप आणि कार्ड त्यांनी नेलं. तो नको म्हणत असताना वाकून नमस्कार करायची तिची जुनी सवय होती. या वेळी ती पोरीला घेऊन सरळ दाराबाहेर पडली. बिस्किटाचा चुरा खुर्चीखाली तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अभयने तो झाडला नाही.

*

पुढचे दहा दिवस त्याने कार्डं तयार केली. चाळीस. प्रत्येकावर त्या त्या माणसाचे सगळे जुने मॅप घातले आणि प्रत्येकाबरोबर एक पत्र. कसं वापरायचं ते पहिल्या तीन पानांवर, चित्रांसकट. चौथ्या पानावर चार ओळी होत्या. त्या लिहायला त्याला तीन पानांहून जास्त वेळ लागला. हे कार्ड तेरा महिन्यांपूर्वी तयार झालं होतं. मी ते दिलं नाही. त्यात काही खोट होती म्हणून नाही, तुम्ही येणं बंद होईल म्हणून. या काळात ज्यांना त्रास झाला त्यांची मी क्षमा मागतो.

एकोणचाळीस पाकिटं त्याने एकाच दिवशी पोस्टात टाकली. चाळिसावं, राहुरीचं, घरी राहिलं. ते स्वतः नेऊन द्यावं असं त्याच्या मनात आलं. राहुरीला तो कधी गेला नव्हता. ती कुठल्या गल्लीत राहते, बियाणं तपासायच्या तिच्या त्या प्रयोगशाळेत काय असतं, संध्याकाळी ती कोणाशी बोलते, यातलं त्याला काही माहीत नव्हतं. त्याने गाड्यांच्या वेळाही बघितल्या. पण मग त्याच्या ध्यानात आलं की कार्ड हातात देताना आपण तिच्या चेहऱ्याकडे बघत उभे राहू आणि तिला काहीतरी बोलावं लागेल. म्हणजे पुन्हा तिच्यावर काहीतरी लादल्यासारखं होईल.

हे असं लादणंच एकदा सगळ्याच्या मुळावर आलं होतं. लग्नाच्या शेवटच्या वर्षांत घरात आईची आणि मृदुलाची रोज बोलाचाली व्हायची. अभय मध्ये पडायचा नाही. त्याऐवजी एकदा मॅप लावताना त्याने मृदुलाचे वरचे आकडे बरेच खाली आणून ठेवले, तिला न सांगता. आईचा चढलेला आवाज तिला निम्माच लागायला लागला. घर शांत झालं, आणि आपण काहीतरी चांगलं केलं असं अभयला खरंच वाटत होतं. आठ महिन्यांनी मृदुला कामासाठी पुण्याला गेली असताना तिथल्या तंत्रज्ञाने मॅप बघितला आणि विचारलं, हे इतके कमी कोणी ठेवले? तेव्हा ती ओरडली नाही. माझ्या कानात काय शिरावं हे तू ठरवलंस, एवढं म्हणाली, आणि तीन महिन्यांनी निघून गेली. पुढच्याच वर्षी कंपनी बंद पडली. पुण्याच्या तंत्रज्ञाचंही मशीन बंद पडलं, आणि तिला पुन्हा अभयच्याच दारात यावं लागलं. पहिल्या भेटीत त्याने तिला शब्द दिला होता, पुन्हा तसं करणार नाही. तो शब्द आपण पाळला असं तो धरून चालला होता.

अकराव्या दिवशी चाळिसावं पाकीटही पोस्टात गेलं.

उत्तरं येत गेली. नांदेडचे निवृत्त पोस्टमास्तर लोमटे यांनी लिहिलं, कार्ड चालतं, धन्यवाद, बाकीचं मी वाचलं. एका बाईंनी खूप वाईट लिहिलं, ते त्याने दोनदा वाचलं. काहींनी नुसता अंगठा पाठवला. लोमट्यांनी पुढाकार घेऊन सगळ्यांचा एक ग्रुप केला. कोणाचा लॅपटॉप सुरू होत नव्हता, कोणाचा अकरावा इलेक्ट्रोड टोचत होता, ती माणसं एकमेकांनाच विचारायला लागली. सुरुवातीला काही अडलं की अभयला फोन यायचा. मे महिन्यात असे सहा आले, जूनमध्ये दोन. चंद्रकलाने ग्रुपवर तनूचं बोलणं रेकॉर्ड करून टाकलं आणि खाली लिहिलं की हिला आता सत्तावीस शब्द येतात. अभय त्या ग्रुपमध्ये नव्हता. लोमट्यांनी ते त्याला पुढे पाठवलं.

मृदुलाचं उत्तर आलं नाही.

घरी कोणी येईनासं झालं. खुर्ची खिडकीतच होती, तिच्यावर तो वाळलेले कपडे टाकायला लागला. जुना कॉम्प्युटर आठवड्यातून एकदा सुरू करून बघायचा. पाहुणी तिच्या मार्चमधल्या सकाळी जागी व्हायची, रुग्णाचं नाव टाका म्हणायची. त्याच्याकडे टाकायला नाव नसायचं. पुढे त्याने तेही सोडून दिलं. बोलण्याची गरज अशी दिवसातून दूधवाल्यापुरतीच पडायची. एकदा सलग दोन दिवस दूधवाला पिशवी दारात अडकवून गेला. तिसऱ्या दिवशी भाजीवाल्याला भाव विचारताना त्याचा आवाज घोगरा निघाला आणि तो स्वतःच थबकला.

नोव्हेंबरातला दुसरा मंगळवार आला आणि गेला. त्या दिवशी तो साडेनऊला दारात गेला नाही. आत बसून पेपर वाचला.

गुरुवारी दुपारी फोन वाजला. मृदुलाचं नाव बघून त्याला वाटलं चुकून लागला असेल. तेवीस वर्षांत तिने त्याला कधी फोन केला नव्हता. फोनवरचा आवाज तिला नीट लागायचाच नाही, ती मेसेज करायची.

"अभय, मृदुला बोलतेय."

"बोल."

"परवा कार्ड लावलं. प्रयोगशाळेतल्या भक्ती सोळंके आहेत, त्या बसल्या होत्या शेजारी. झालं व्यवस्थित." ती थांबली. "पत्र फेब्रुवारीतच मिळालं होतं. तेव्हा रागाने काही लिहिलं असतं, म्हणून नाही लिहिलं. राग माझ्यासाठी नाही, त्या अहेरीच्या मुलीसाठी. तिने ग्रुपवर सांगितलं सगळं."

"हो."

"आता दुसरं सांगते. मी वरचे आकडे वाढवलेत. बावीसच्या बावीस, दोन-दोन पायऱ्या."

त्रास होईल, कानात घुमेल, असं त्याच्या जिभेवर आलं होतं.

"पेन्सिल दोनदा आपटली की तू तिथून दोन पायऱ्या खाली यायचास. जुन्या मॅपबरोबर नोंद आहे, पेन्सिल कुठे आपटली आणि आकडा कुठे ठेवलास. दरवर्षी."

अभयला आठवायला वेळ लागला नाही. एक्केचाळीस माणसांपैकी इतर कोणासाठी तो तसं करायचा नाही. तिचा हात दोनदा आपटला की त्याचं बोट आपोआप खाली यायचं. त्याने त्याचा कधी विचारही केला नव्हता.

"तुला त्रास होऊ नये म्हणून," तो म्हणाला.

"माहीत आहे. मला वाटायचं, इम्प्लांटच जुनं, एवढंच येणार. बारा वर्षं मी तेवढ्यात भागवलं."

त्याने नुसतं "मृदुला" म्हटलं.

"राहू दे," ती म्हणाली. "भांडायला नाही केला फोन. मला ओळखीच्या आवाजावर तपासायचंय. कार्डाबरोबरच्या पानावर तूच लिहिलंयस, नवा मॅप घरच्या माणसाच्या आवाजावर तपासावा. इथे सगळे आवाज मी या यंत्रातूनच पहिल्यांदा ऐकलेत. तुझा मला आधीपासून माहीत आहे, ताप यायच्या आधीपासून. तो कसा होता ते आठवतंय. त्याच्यावर जुळवते. बोल."

"काय बोलू?"

"काहीही. कानाचं सोडून."

अभय खुर्चीवरचे कपडे बाजूला करून बसला. आपण तिच्याशी कानाखेरीज कशावर बोललो आहोत हे आठवायचा त्याने प्रयत्न केला आणि तो नाद सोडून दिला. मग त्याने सुरुवात केली. सकाळी दूध नासलं, ते टाकून न देता त्याचं पनीर केलं, ते कोणालाच खाववणार नाही असं झालं. आईच्या खोलीतली कपाटं अजून तशीच आहेत. जिन्यात कबुतरं शिरतात. हल्ली दुपारी कोणी येत नाही, तर तो गॅलरीत बसतो आणि समोरच्या सतारमेकरांच्या दुकानाकडे बघतो. पलीकडून मधूनमधून बटणांचे बारीक आवाज येत होते. एकदा ती म्हणाली, जरा सावकाश. एकदा म्हणाली, बाराव्याला अजून घुमतंय, चालू ठेव. एकदा काहीच आवाज आला नाही, बटणांचाही नाही, तेव्हा तो थांबला. ती म्हणाली, थांबलास का.

त्याने सांगितलं की एकदा त्याने पातेलंभर खीर केली होती आणि अर्धी फेकून दिली, एकट्यापुरती कशी करायची ते त्याला अजून जमत नाही. सतारमेकरांच्या दुकानासमोर परवा भोपळ्यांची गाडी आली. दोनशे तरी भोपळे असतील. म्हातारे सतारमेकर स्वतः बाहेर येऊन एकेक भोपळा हातात घेऊन टिचकी मारून बघत होते, आणि त्याने गॅलरीतून विचारलं की एवढ्यांतून चांगला कसा ओळखता, तर ते वर बघून म्हणाले—

"जमलं," मृदुला म्हणाली. "आता बरोबर लागतोय. सेव्ह केलं. ठेवते हं."

"हो."

फोन बंद झाला. अभयने स्क्रीनवर बघितलं, पंचवीस मिनिटं झाली होती. एवढ्या वेळात तिला ऐकू येतंय का हे विचारायचं त्याच्या एकदाही मनात आलं नव्हतं. घरात पंखा चालू होता. मग, कोणी ऐकणारं नसताना, त्याने ते अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केलं. भोपळा आपल्याला काही सांगत नाही, सतारमेकर म्हणाले होते, टिचकी मारायची आणि गप्प बसायचं.

त्याने ते नीट, सावकाश, शेवटच्या शब्दापर्यंत म्हटलं आणि मग तो कपड्यांच्या घड्या घालायला उठला.